गावाकडून मुंबई विद्यापीठात शिकायला येताय? घर कुठं घ्यायचं, कलिनाला रोज पोचायचं कसं, सगळं एका ठिकाणी

यादीत नाव आलं, घरी पेढे वाटून झाले, की पुढचा प्रश्न असतो राहायचं कुठं. बहुतेक पोरं धरून चालतात की विद्यापीठ म्हणजे होस्टेल, मेस, संध्याकाळी कट्टा, रात्री लायब्ररी, पुण्याला किंवा आपल्याकडं संभाजीनगरला असतं तसं. मुंबई विद्यापीठ तसं नाही. १८५७ सालचं, एवढं जुनं विद्यापीठ, पण इथली बहुतेक पोरं घरून येतात, कोणी कर्जतवरून, कोणी विरारवरून, कोणी पनवेलवरून, तास झाले की गाडी पकडायला निघतात. होस्टेल आहेत पण जागा मोजक्या. त्यामुळं तुम्ही नांदेडहून या नाहीतर चंद्रपूरहून, इथं आल्यावर तुम्हीसुद्धा लोकलचे रोजचे प्रवासीच होणार हे गृहीत धरून तयारी करा.

मी परभणीची, कलिनाला म्हणजे विद्यापीठाच्या सांताक्रूझच्या कॅम्पसला एमए केलं, आता डोंबिवलीत असते. जून-जुलै आला की ओळखीपाळखीतून गावाकडच्या पोरापोरींचे फोन येतात आणि प्रश्न तेच ते असतात, म्हणून हे क्रमानं लिहितेय. यातल्या दोनच गोष्टी लक्षात राहिल्या तरी पुष्कळ झालं. एक, घर किलोमीटर बघून घेऊ नका, गाडी बघून घ्या. दोन, कॅम्पसवर थांबायची वेळ रोजच्या रोज ठरवून काढा, आपोआप ती कधीच मिळणार नाही.

पहिलं काम: तुमचा विभाग नेमका कुठल्या इमारतीत आहे?

हसू नका, हा प्रश्न खरंच विचारा. मुंबई विद्यापीठ म्हटलं की डोळ्यासमोर राजाबाई टॉवर येतो, तो फोर्टात आहे, चर्चगेट नाहीतर सीएसएमटीला उतरून चालत जाता येतं. पण पदव्युत्तरचे बहुतेक विभाग तिथं नाहीत, ते कलिनाला आहेत, सांताक्रूझ पूर्वला, विद्यानगरी म्हणतात त्याला. मराठी विभाग कलिनाला रानडे भवनात आहे. जमनालाल बजाज, म्हणजे एमबीएची संस्था, चर्चगेटला आहे. शिवाय ठाण्याला, कल्याणला उपकेंद्रं आहेत, रत्नागिरीलाही आहे. ॲडमिशनच्या कागदावर नुसतं मुंबई विद्यापीठ वाचून कोणी चर्चगेटच्या बाजूला कॉट (खोलीतली एकाची जागा) घेऊन बसतं आणि तास निघतात कलिनाला, मग डिपॉझिट अडकतं.

विभागाच्या ऑफिसला फोन करा आणि दोन गोष्टी विचारा, तास कुठं होणार आणि किती ते किती होणार. टाइमटेबल अजून लागलं नसेल तर मागच्या वर्षीचं कसं होतं ते एखाद्या सिनियरला विचारा. सकाळी साडेआठचा तास आणि दुपारी दीडचा तास यात मुंबईत जमीन-अस्मानाचा फरक आहे, एकाला पिक अवर लागतो, दुसऱ्याला बसायला जागा मिळते, आणि त्यावर तुम्ही किती लांब राहू शकता हे ठरतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. मार्कशीट, टीसी, मायग्रेशन, जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा नंबर), आधार लिंक असलेलं बँक खातं. संभाजीनगरचं बामु, नांदेडचं स्वारातीम, नागपूर, अमरावती कुठूनही येत असाल, दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्याला मायग्रेशन लागतंच, ते काढायला वेळ जातो, निकाल लागला की लगेच अर्ज टाका. तहसीलचे दाखले मुंबईत बसून काढणं अवघड जातं, गावी असतानाच काढून ठेवा आणि प्रत्येकाच्या झेरॉक्स जरा जास्तच आणा.

होस्टेल आणि सरकारी मदत, दोन्हीचे अर्ज टाकाच

मिळणार नाही म्हणून अर्जच न करणारे खूप असतात. करा. चर्चगेटला जगन्नाथ शंकरशेठ वसतिगृह आहे मुलांचं, कलिनालाही वसतिगृहं आहेत, मुलींची वेगळी आहेत. बाहेरगावच्यांना त्यात संधी असते. समाजकल्याणची सरकारी वसतिगृहं वेगळी, त्यांचा अर्ज वेगळा.

सरकारी वसतिगृहात नंबर नाही लागला तर एससी आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, मुंबईत शिकणाऱ्याला वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात, जेवण, राहणं आणि निर्वाह मिळून. आदिवासी विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीला ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, त्याच्या अटी बघा. फीची स्कॉलरशिप सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून. हे पैसे हक्काचे आहेत, लाजायचं काही कारण नाही. फक्त ते जमा व्हायला वेळ लागतो, तेव्हा पहिल्या काही महिन्यांचं भाडं त्यावर धरू नका, ती सोय घरून करून या.

घर कुठल्या लाईनवर?

इथं जरा निवांत वाचा कारण तुमची दोन वर्षं कशी जाणार ते इथं ठरतं.

लोकलच्या मुख्य लाईन तीन. वेस्टर्न म्हणजे चर्चगेट ते विरार आणि पुढं डहाणू. सेंट्रल म्हणजे सीएसएमटी ते कल्याण, तिथून एक फाटा कसाऱ्याला आणि एक कर्जत-खोपोलीला. हार्बर म्हणजे सीएसएमटी ते पनवेल, आणि तिचा एक फाटा वडाळ्यावरून बांद्रा, अंधेरी, गोरेगावकडं. शिवाय ठाण्यावरून वाशी-पनवेलला जाणारी ट्रान्स-हार्बर.

कलिनाला यायला वेस्टर्नवाल्यांना सांताक्रूझ, सेंट्रल आणि हार्बरवाल्यांना कुर्ला. सांताक्रूझ पूर्वेला उतरलं की बस किंवा रिक्षा, अंतर थोडंच आहे. कुर्ल्याला पश्चिमेला बाहेर पडायचं आणि सांताक्रूझ पूर्वकडं जाणारी बेस्टची बस धरायची, कंडक्टरला युनिव्हर्सिटी म्हटलं की कळतं. मे २०२५ पासून बेस्टचं कमीत कमी तिकीट साध्या बसला १० आणि एसीला १२ रुपये आहे. रिक्षाचं मीटर २६ रुपयांपासून सुरू होतं. एकट्यानं रोज रिक्षा करायचा विचार करू नका, महिनाअखेरीला तो आकडा पासपेक्षा कितीतरी मोठा होतो.

आता गाडीचं गणित. नकाशावर बोरिवलीपेक्षा डोंबिवली लांब दिसते, विरार तर फारच लांब. पण रोज जाणाऱ्याला किलोमीटर जाणवत नाहीत, त्याला जाणवतं की गाडी किती वेळा बदलावी लागते, बसायला मिळतं का, आणि आपल्या स्टेशनवर फास्ट, म्हणजे मोजक्याच स्टेशनांवर थांबणारी गाडी, थांबते का. सेंट्रलच्या फास्ट गाड्या बहुतेक कुर्ल्याला थांबतात, म्हणून कल्याण, डोंबिवली, ठाण्यावरून एकाच गाडीत कुर्ला गाठता येतं, डोंबिवलीवरून फास्टनं पाऊण तासाच्या आसपास. वेस्टर्नची फास्ट मात्र सांताक्रूझला थांबत नाही, वसई-विरारवरून येणाऱ्यानं अंधेरीला उतरून स्लो धरायची नाहीतर सुरुवातीपासून स्लोनं यायचं. हार्बरला सगळ्याच गाड्या स्लो, पण वाशी, बेलापूर, पनवेल इथून गाडी सुटते म्हणजे बसायला जागा मिळते, आणि खारघर, कामोठे, पनवेलच्या पट्ट्यात विद्यार्थ्यांच्या कॉट भरपूर आहेत. दीड तास बसून वाचत येणं आणि पाऊण तास एका पायावर उभं राहून येणं यात मी कधीही बसून येणं निवडेन, विशेषतः परीक्षेच्या महिन्यात.

म्हणून माझा सल्ला असा की जिथून लोकल सुटते त्या स्टेशनजवळ बघा. सेंट्रलला कल्याण, डोंबिवली, ठाणे, अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा इथून गाड्या सुटतात, वेस्टर्नला विरार, वसई, भाईंदर, बोरिवली. नालासोपारा, दिवा, मुंब्रा इथं भाडं कमी सांगतात पण सकाळी गाडी भरूनच येते, चढणंसुद्धा मुश्कील होतं, तिथं घ्यायचं तर तास दुपारचे आहेत ना ते आधी पक्कं करा.

आणि स्टेशनपासून घर चालत हवं. डोंबिवली म्हणून जाहिरात असते आणि घर निघतं स्टेशनपासून रिक्षानं पंचवीस मिनिटं, म्हणजे रोज जाताना शेअर रिक्षाची रांग, येताना परत रांग. स्टेशनपासून चालत दहा-पंधरा मिनिटांत असेल तर थोडं जास्त भाडं द्या, ते वसूल होतं.

मेट्रोचं विचारतात म्हणून सांगते. मेट्रो ३, म्हणजे आरे ते कफ परेडची भुयारी, ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू झाली. सांताक्रूझ, बांद्रा कॉलनी, बीकेसी (बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्स) अशी स्टेशनं विद्यापीठाच्या पट्ट्यात आहेत, तुमच्या इमारतीला कुठलं जवळ पडतं ते पहिल्या आठवड्यात चालून बघा. घाटकोपरला उतरून मेट्रो १ नं मरोळ नाका, तिथं बदलून मेट्रो ३, असंही येता येतं. लोकलच्या पासपुढं मेट्रो महाग पडते, तेव्हा रोजची सवय न लावता परीक्षेच्या दिवसाला, नाहीतर कुर्ल्याचा रस्ता पाण्याखाली असतो त्या दिवसाला ती हाताशी ठेवा.

वाकोला, कलिना, कुर्ला इथंच राहायचं म्हणाल तर जरूर बघा, तिघं-चौघं मिळून परवडत असेल तर प्रवासच वाचला. फक्त खोली बघून घ्या, उजेड आहे का, पावसात पाणी शिरतं का.

खोली बघताना

मुंबईत पीजीला बऱ्याच ठिकाणी कॉट बेसिस म्हणतात, एका खोलीत चार-सहा कॉट, एक कॉट तुमची. फोनवर फोटो बघून टोकन पाठवू नका. कोणी कितीही म्हटलं की आजच्या आज जाईल, तरी नाही. पहिले चार-आठ दिवस नातेवाईक, गाववाला, मित्राची खोली, जिथं होईल तिथं काढा आणि पायानं फिरून बघा. गाववाल्यांना विचारायला संकोच करू नका, मुंबईतला निम्मा माणूस असाच कोणाच्या तरी खोलीवर उतरून मार्गी लागलाय.

विचारायचं काय? पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ येतं. लाईट बिल भाड्यात आहे का वेगळं. रात्री गेट किती वाजता बंद होतं. मुलींनी हे नक्की विचारा, कारण तास सहाला सुटून गाडी लेट झाली तर घरी नऊ वाजू शकतात आणि आठच्या वेळेवरून रोज वाद नको. स्वयंपाक करायला चालतं का, मटण-मच्छी चालते का हेही आधीच बोलून घ्या, नंतर सामान उचलायची वेळ येते. डिपॉझिट किती, परत कधी मिळणार, सोडताना किती दिवस आधी सांगायचं, आणि दिलेल्या पैशाची पावती नाहीतर यूपीआयची नोंद ठेवा. दलालामार्फत फ्लॅट घेतला तर साधारण एका महिन्याचं भाडं दलाली जाते.

फ्लॅट घेतला तर ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर करून घ्या, भाडेकरूची माहिती पोलिसांकडं मालकानं द्यायची असते, तीही दिली का बघा. कॉटवर राहत असाल तर मालकाकडून निदान पत्त्याचं पत्र तरी घ्या. याचं कारण पुढच्या पायरीत आहे.

जेवणाचं फार अवघड नाही. पोळीभाजी केंद्रं स्टेशनाबाहेर जागोजागी आहेत, घरगुती डबा लावता येतो. खोलीवर करायचं असेल तर ५ किलोचा छोटा सिलेंडर ओळखपत्रावर मिळतो, पूर्ण कनेक्शनची गरज नाही. आपल्याकडच्यांना पहिल्या महिन्यात जेवणाचा त्रास होतोच, इथली भाजी गोडसर लागते, म्हणून काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीचं पीठ घेऊन या. भाकरी येत नसेल तर निघायच्या आधी आईकडून शिकून घ्या, मुलांनीसुद्धा.

पास काढा, पहिल्याच आठवड्यात

विद्यार्थ्यांना लोकलचा पास निम्म्या दरात मिळतो. कन्सेशनचा फॉर्म कॉलेज किंवा विभाग देतो, तो घेऊन स्टेशनच्या तिकीट खिडकीवर जायचं. फॉर्म देताना राहत्या पत्त्याचा पुरावा विचारतात कारण पास घराजवळच्या स्टेशनपासून कॉलेजजवळच्या स्टेशनपर्यंतच मिळतो, म्हणून करार किंवा पत्त्याचं पत्र म्हटलं. वयाची अट आहे, खुल्या वर्गाला २५, एससी-एसटीला २७ आणि संशोधन करणाऱ्यांना ३५ वर्षं. फॉर्मची मुदत थोड्या दिवसांची असते, मिळाला की त्याच दिवशी रांगेत उभं राहा. महिन्याचा आणि तीन महिन्यांचा असे दोन्ही निघतात, तीन महिन्यांचा स्वस्त पडतो आणि रांगेची कटकट कमी.

आता नीट ऐका, सेकंड क्लासचा पास फर्स्ट क्लासमध्ये चालत नाही आणि एसी लोकलमध्येही चालत नाही. घाईत दार उघडं दिसलं म्हणून चढलात आणि टीसीनं धरलं तर २५० रुपये दंड आणि वर भाडं. पाससोबत ओळखपत्र कायम ठेवा. पास निघेपर्यंत तिकीट रेलवन ॲपवरून काढता येतं, स्टेशनवर पोचायच्या आधीच काढून ठेवा. कमीत कमी तिकीट ५ रुपये आहे, म्हणजे पैशासाठी विनातिकीट जाण्यात काही अर्थ नाही.

लोकलमध्ये चढायचं, बसायचं, उतरायचं

इंडिकेटरवर तीन गोष्टी असतात, गाडी कुठं जाणार, किती वाजताची आणि स्लो का फास्ट. सेंट्रलला कसाऱ्याच्या गाडीला एन आणि कर्जतच्या गाडीला एस दिसतं, के म्हणजे कल्याण. कल्याणच्या पुढं राहणाऱ्यानं हे पाठच करावं, नाहीतर बदलापूरला जायचं असतं आणि माणूस टिटवाळ्याला उतरतो. गाडी किती डब्यांची आहे तेही लिहिलेलं असतं, १२ का १५, त्यावर आपला डबा प्लॅटफॉर्मवर कुठं येणार ते ठरतं.

चढताना आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या. बॅग पाठीवर नाही, पोटावर घ्या, आत गेल्यावर वर रॅकवर टाका. लांब जायचं असेल तर दारात थांबू नका, आत शिरा, सीटांच्या मधल्या जागेत उभं राहा आणि बसलेल्याला विचारा, कुठं उतरणार? तो घाटकोपर म्हणाला आणि तुम्हाला ठाण्याच्या पुढं जायचंय तर ती सीट तुमची, सगळे हा नियम पाळतात. लेडीज डब्यात तर हे फारच शिस्तीत चालतं, एका सीटवर दोघींचं नाव लागलेलं असतं. कुर्ला यायच्या दोन स्टेशनं आधी दाराकडं सरकायला लागा आणि पुढच्याला विचारा, कुर्ला? तो हो म्हणाला की त्याच्या मागं उभं राहायचं. प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार हेही विचारून घ्या, कोणीही सांगतं.

मराठीत बोला. आपली बोली निराळी आहे, हेल वेगळा आहे, म्हणून गप्प बसणारी पोरं मी बघितलीत, विशेषतः पहिल्या सेमिस्टरला वर्गात. तुमच्या बोलीत काही कमी नाही, बिनधास्त बोला.

मुलींसाठी, लेडीज डबे काही २४ तास लेडीज असतात आणि काही ठराविक वेळेतच, डब्यावर लिहिलेलं असतं ते वाचा. रात्री लेडीज डब्यात पोलीस किंवा होमगार्ड असतो, उशीर झाला तर त्याच डब्यात बसा. काही झालं तर रेल्वेची हेल्पलाईन १३९. रात्री साधारण एक ते चार लोकल बंद असते, शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नका, एक-दोन आधीची पकडा.

आणि दाराला लटकायचं नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं खाली पडली, काहींचा जीव गेला, ती सगळी अशीच कामाला निघालेली माणसं होती. एक तास बुडाला तर नोट्स मिळतात. गाडीत चढता येत नसेल तर ती सोडून द्या, पुढची चार-पाच मिनिटांत येते. रूळ ओलांडू नका, पूल चढायचा कंटाळा आला तरी.

कॅम्पसवर थांबायला शिका

मला सगळ्यात जास्त हे सांगायचंय. अशा विद्यापीठात सगळ्यांच्या डोक्यात सतत गाडी असते. तास संपला की कोणी ५.१२ ची म्हणतं, कोणी ५.२८ ची, पाच मिनिटांत वर्ग रिकामा. गावाहून आलेल्याला वाटतं आपल्याशी कोणी बोलत नाही, मुंबईची पोरं शिष्ट आहेत. तसं नसतं, त्यांचे मित्र शाळेपासूनचे, ते घराजवळ असतात, आणि त्यातली अर्धी पोरं शिकता शिकता काम करतात. तुम्ही जाऊन बोललात तर बोलतात. पण पहिल्यांदा बोलावं तुम्हालाच लागतं.

यावर उपाय साधा आहे. कलिनाच्या बाजूलाच बीकेसी आहे आणि संध्याकाळी सहा-सव्वासहानंतर तिथली सगळी ऑफिसं सुटतात, मग कुर्ल्याकडं जाणाऱ्या बसची रांग, शेअर रिक्षाची रांग, कुर्ल्याकडं जाणाऱ्या सीएसटी रोडवरचं ट्रॅफिक, सगळं एकदम. त्या वेळात निघालात तर नुसतं कुर्ला गाठायलाच तास जातो. म्हणून एक तर पाचच्या आत निघा नाहीतर साडेसातनंतर. आणि जमेल तेव्हा साडेसातनंतरचंच धरा. मधला वेळ जवाहरलाल नेहरू लायब्ररीत बसा, ती कॅम्पसवरच आहे, तिच्या वेळा आधी बघून घ्या. त्या दोन-अडीच तासांत जो अभ्यास होतो तो खोलीवर सहा जणांत होत नाही. आणि तिथं रोज दिसणारी चार माणसं असतात, बाहेरगावचीच बहुतेक, त्यातूनच मैत्री होते, नोट्स मिळतात, नेट-सेटचा ग्रुप तयार होतो, एकत्र परत जाणारी सोबत मिळते. माझ्या आजच्या जवळच्या मैत्रिणी अशाच लायब्ररीतल्या आणि परतीच्या गाडीतल्या आहेत.

शिक्षकांचंही तसंच. सर-मॅडमनासुद्धा गाडी असते. तास संपल्यावर दारात गाठून प्रश्न विचारण्यापेक्षा, तुम्ही कुठल्या दिवशी विभागात जरा वेळ बसता असं सरळ विचारा आणि त्या दिवशी लवकर या. येणारे इतके कमी असतात की जो येतो तो लक्षात राहतो.

आठवड्यात एक दिवस निवडा ज्या दिवशी घाई करायचीच नाही. विभागातलं व्याख्यान, चर्चासत्र, नाटकाची तालीम, एनएसएस, काहीतरी धरा. आणि तास नसतील त्या दिवशी घराजवळ बसायला जागा शोधा. ठाण्याला मराठी ग्रंथसंग्रहालय आहे १८९३ चं, दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे १८९८ चं, शिवाय बऱ्याच ठिकाणी अभ्यासिका असतात, नगरसेवकाच्या ऑफिसात विचारलं तरी पत्ता कळतो. फोर्टातलं विद्यापीठाचं जुनं ग्रंथालय एकदा तरी बघून या, राजाबाई टॉवरखालचं, रंगीत काचांच्या खिडक्यांचं. तेही तुमच्याच विद्यापीठाचं आहे.

परीक्षेच्या दिवशी एक तास जास्तीचा धरून निघा. गाडी रखडली तर परीक्षा केंद्राला फोन करता यावा म्हणून नंबर आधी घेऊन ठेवा आणि वर्गाच्या ग्रुपवर टाका. निकाल, फोटोकॉपी, पुनर्मूल्यांकन अशी परीक्षा विभागाची कामं कलिनाच्याच फुले भवनात, तिथं सकाळी लवकर जा.

रविवार आणि पावसाळा

रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही तास गाड्या बंद किंवा वळवलेल्या, वेस्टर्नवाले जंबो ब्लॉक म्हणतात. शनिवारीच वेळा जाहीर होतात, त्या बघितल्याशिवाय रविवारी बाहेर पडू नका, विशेषतः एमपीएससी, सेटचा पेपर असेल तर.

पावसाबद्दल मात्र मराठवाडा-विदर्भातल्यांना खरंच कल्पना नसते. मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी वर्षभरात पडत नाही एवढा इथं एका दिवसात पडू शकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर नोंदला गेला, आणि तुमचं विद्यापीठ सांताक्रूझलाच आहे, मिठी नदीसुद्धा तिथून जवळ. जोरदार पाऊस आणि भरती एकत्र आली की कुर्ला, सायन, माटुंग्याला रुळावर पाणी येतं आणि सेंट्रल-हार्बर बंद पडते. रेड अलर्ट असेल त्या दिवशी सकाळीच विद्यापीठाची सूचना बघा, परीक्षा सुद्धा पुढं ढकलतात. आधीच कॅम्पसवर असाल आणि गाड्या बंद झाल्या तर पाण्यातून चालत कुर्ल्याला निघू नका, उघडं गटार पाण्यात दिसत नाही. थांबा. कलिना, वाकोला, सांताक्रूझ भागात राहणारा एक तरी वर्गमित्र असा करून ठेवा की ज्याच्याकडं रात्र काढता येईल, हे जूनमध्येच बोलून ठेवायचं. बॅगेत एक जोडी कपडे, चार्जर, थोडे रोख पैसे, बिस्किटं, आणि कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत.

साचलेल्या पाण्यातून चालावंच लागलं आणि पायाला जखम असेल तर महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन सांगा, लेप्टोच्या, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, गोळ्या देतात. सांताक्रूझ पूर्वला महापालिकेचं व्ही. एन. देसाई हॉस्पिटल आहे. ताप आला तर अंगावर काढू नका.

सामान घेऊन येताना आणि गावी जाताना

देवगिरी, तपोवन, नंदीग्राम, विदर्भ, सेवाग्राम, सिद्धेश्वर, कुठल्याही गाडीनं या, पण तिकीट सीएसएमटीचं असलं तरी शेवटपर्यंत जायची गरज नाही. कल्याण-डोंबिवलीत राहणार असाल तर कल्याणलाच उतरा. सकाळी सात ते अकराच्या मध्ये मोठी बॅग आणि गादी घेऊन लोकलमध्ये चढायचा प्रयत्न करू नका, जमत नाही, वेटिंग रूममध्ये थांबा नाहीतर रिक्षा करा. पहिल्या खेपेला दोन ड्रेस, अंथरूण, कागदपत्रं एवढंच आणा, बाकीचं राहायचं पक्कं झाल्यावर.

गावी जायला विद्यार्थ्यांना मेल-एक्स्प्रेसच्या स्लीपरमध्येही सवलत आहे, साधारण ५० टक्के, एससी-एसटीला ७५, त्याचाही फॉर्म विभागातून घ्यायचा. एसटीनं जाणाऱ्या मुलींना तसंही अर्धं तिकीट आहे, मार्च २०२३ पासून. रेल्वेचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे दिवाळीचं तिकीट ऑगस्ट-सप्टेंबरातच काढायचं, तेव्हा तुम्हाला मुंबईत येऊन जेमतेम महिना झालेला असतो आणि दिवाळी लक्षातही नसते. फोनवर रिमाइंडर लावा. परतीचं तिकीटही त्याच दिवसांत काढून टाका, भाऊबीजेनंतर सगळा महाराष्ट्र एकदमच मुंबईला परत निघतो.